माशेलचा चिखल आणि न्यूटनला न जुमानणारे द्रव

आषाढी द्वादशीला गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, रंगतो. अंगाला तेल चोपडलेली पोरे मैदानात लोळत असतात आणि नुसते बघायला आलेल्या माझ्यासारख्याचा पाय कडेलाच रुततो. मी जोर करून ओढला. पाय तसाच राहिला, चपलेचा पट्टा मात्र तुटला. शेजारचे काका म्हणाले, "ओढू नका हो, पाऊल जागच्या जागी हलवत राहा." हलवले. घट्ट चिखल बघता बघता पातळ झाला आणि पाय सुटला. चप्पल अजून तिथेच असावी.

याच माशेलात १ जानेवारी १९४३ रोजी शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांचा जन्म झाला, आणि पुढे त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग अशाच हट्टी द्रवांवर झाला. चिखलकालो बघून त्यांनी विषय निवडला, असा माझा अजिबात दावा नाही. लहानपणीच वडील वारले आणि आईबरोबर ते मुंबईला गेले. तिथल्या शाळेत भिंगाने कागद जाळून दाखवणाऱ्या भावे सरांची गोष्ट आपल्याकडे बक्षीस समारंभांत हमखास ऐकायला मिळते. माशेलकरांनी नेमके संशोधन कशावर केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

पाणी, खोबरेल, फेणी हे सरळमार्गी द्रव. कितीही जोराने ढवळा, तापमान तेच असेल तर त्यांचा दाटपणा तोच राहतो. न्यूटनने सांगितले तसे हे वागतात. चिखल तसा वागत नाही. त्यातले मातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. कणाच्या कडेवरचा आणि पृष्ठभागावरचा विद्युतभार वेगळा असला की एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला चिकटते, पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि पाणी त्याच्या खोल्यांत अडकते. थोडा जोर हा बंगला सोसतो. मर्यादा ओलांडली की कोसळतो, चिखल वाहू लागतो, आणि स्वस्थ पडू दिला तर पुन्हा बांधला जातो. पाय एकदम ओढला की तळव्याखाली पोकळी होऊ पाहते, तिथे पाणी वेळेत पोहोचत नाही आणि बाहेरच्या हवेचा दाब पाय खाली धरून ठेवतो. काकांच्या युक्तीने बंगलाही मोडला आणि पाण्याला वाटही मिळाली. पदार्थ कसे वाहतात याच्या शास्त्राला रिऑलॉजी म्हणतात. काकांना हा शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती.

माशेलकर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) १९६६ मध्ये केमिकल इंजिनियर झाले. प्रा. मनमोहन शर्मा यांच्याकडे त्यांनी १९६९ मध्ये पीएचडी केली. विषय होता द्रवातून वर चढणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांचा. मग इंग्लंडमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठात शिकवताना ते न्यूटनला न जुमानणाऱ्या द्रवांकडे वळले आणि १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले.

केमिकल इंजिनियरला अशा द्रवांची फिकीर का? घरचे खतखते (आमची मिश्र भाज्यांची दाट भाजी) आणि देवळातल्या पाचशे पानांचे खतखते यांत जो फरक, तोच चंचुपात्र आणि कारखान्यात असतो. भांडे सर्व बाजूंनी दुप्पट केले की आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच. म्हणून मोठी कढई उतरवल्यावरही मधोमध रटरटत राहते. आता त्यात प्लास्टिकसाठी पॉलिमर तयार होतोय असे समजा. रेणूंच्या साखळ्या लांबत जातात तसा द्रव काही हजार पट दाट होऊ शकतो. ढवळणी अडखळते, मधली उष्णता कडेला येत नाही, त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते. द्रव कसा वाहील आणि उष्णता कुठे अडेल, याचे गणित आधी मांडले नसेल तर भांड्यातला सगळा माल वाया जातो, कधी स्फोटही होतो. हे गणित मांडणे हा माशेलकरांच्या कामाचा गाभा.

१९८२ मध्ये विज्ञानासाठीचा भटनागर पुरस्कार, १९८९ पासून प्रयोगशाळेचे संचालकपद, १९९५ ते २००६ सीएसआयआरचे, म्हणजे देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संशोधन परिषदेचे, महासंचालकपद. याच काळात हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले अमेरिकी पेटंट सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करवले. वर्तमानपत्रांनी त्याला भरपूर जागा दिली, माशेलकरांच्या जेलींवरच्या संशोधनाच्या वाट्याला तेवढी आली नाही.

मला जेली जास्त आवडतात. पॉलिमरच्या जाळीत पाणी धरून ठेवणारे हे पदार्थ. जाळी एकदा कापली की सहसा पुन्हा जुळत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात माशेलकरांचेही नाव असलेला एक निबंध आला. त्यातल्या जेलीच्या जाळीला लोंबणाऱ्या लवचीक शेपट्या होत्या. कापलेले दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की शेपट्यांची टोके एकमेकांना धरत आणि काही सेकंदांत तुकडे सांधले जात. आम्लता घालवली की सुटत, पुन्हा आम्लात ठेवले की पुन्हा जुळत.