जहाजावशेष (कोकण किनारा)

बुडालेली जुनी जहाजे, त्यांतला माल, नांगर आणि तोफा शोधणे, त्यांची नोंद करणे व जमेल तितके जतन करणे हा सागरी पुरातत्त्वाचा विषय. कोकणात अशा जागेवर अभ्यासकाच्या आधी बहुधा मच्छीमाराचे जाळे पोचलेले असते. तळाशी कशात तरी ते अडकते, फाटते, कधी लोखंडाचा किंवा भांड्याचा तुकडा घेऊन वर येते. फाटलेले जाळे महागात पडते, म्हणून तांडेल (नावेचा प्रमुख) ती जागा विसरत नाही. पूर्वी डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस यांची रेघ जुळवून तो ती ओळखत असे, आता जीपीएस आहे. खाली काय आहे हे त्याला माहीत नसेल, पण कुठे आहे हे पक्के माहीत असते. शोधाचा अवघड अर्धा भाग तोच.

पुढचे काम यंत्रांचे. साइड-स्कॅन सोनार तळाचे ध्वनिचित्र देतो, मॅग्नेटोमीटर गाळाखालच्या लोखंडाचा सुगावा लावतो. शेवटी मात्र पाणबुड्यालाच उतरावे लागते. पावसाळ्यात या किनाऱ्यावर ते शक्य नसते, आणि एरवीही खाड्यांच्या तोंडाशी पाणी इतके गढूळ की वस्तू डोळ्यांआधी हाताला लागते.

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेली कामे या भागात सर्वांत महत्त्वाची. मुरगावजवळच्या सुंची खडकावर अवघ्या काही मीटर खोलीत एका पोर्तुगीजकालीन जहाजाचे सामान विखुरलेले सापडले: तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांची खापरे, मर्तबानांचे (मोठ्या मातीच्या बरण्यांचे) तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. जहाज सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे मानले जाते. पाणघोडा आफ्रिकेतला, तेव्हा ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून गोव्याकडे येत असावे, हा तर्क एका दातावरून करता येतो. तोच दात कुणी उचलून काचेच्या कपाटात ठेवला असता तर ती नुसती शोभेची वस्तू उरली असती.

गोव्याजवळच्याच सेंट जॉर्ज खडकावर मंगळुरी कौले, कोन्याची कौले आणि खांबांची मातीची शीर्षे मिळाली. कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा शिक्का आणि 1865 हा आकडा आहे. हे साल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे, जहाज बुडाल्याचे नव्हे. जहाज त्यानंतर कधीतरी बुडाले, एवढेच त्यातून निघते. शिक्क्यावरचे साल वाचून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरात दगडी नांगर सापडले आहेत. असा नांगर म्हणजे वर निमुळता होत गेलेला लांबट घडीव दगड. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खाली लाकडी दांडे घालायला एकमेकांशी काटकोनात दोन चौकोनी भोके. लाकूड केव्हाच कुजलेले असते. विजयदुर्गाच्या पाण्यात आणखी बरेच काही असायला हवे: फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. पण नांगर सापडला म्हणजे जहाज सापडले असे नाही. वादळात दोर कापून नांगर सोडून देणे ही खलाशांची जुनी रीत आहे.

वस्तू वर काढण्याचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो. समुद्रातली तोफ वरून दगडासारखी दिसते: चुना, वाळू, शिंपले आणि गंज यांचे जाड कवच. आत लोखंडात क्षार मुरलेले असतात. ती उन्हात वाळवली की काही दिवसांत तडे जातात आणि पापुद्रे हातात येतात. तिला वर्षानुवर्षे अल्कधर्मी द्रावणात ठेवून क्षार काढावे लागतात. लाकूड सुकले की आकसते, वाकते. स्वीडनने 1961 मध्ये वर काढलेल्या वासा या सतराव्या शतकातील जहाजावर सतरा वर्षे पॉलिइथिलीन ग्लायकॉल (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारे मेणासारखे रसायन) फवारावे लागले. एवढी तयारी नसेल तर अवशेष गाळात राहू देणेच शहाणपणाचे. पाण्याखालील वारशाविषयीचा युनेस्कोचा 2001 चा करारही जागच्या जागी जतनाला पहिली पसंती देतो, किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना संरक्षण देतो आणि त्यांच्या व्यापारी लुटीला मनाई करतो. भारत त्यात सामील झालेला नाही.

भारतीय कायदे जमिनीकडे तोंड करून लिहिलेले. 1878 चा निखात निधी कायदा मातीत दडलेल्या धनाचा. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते, मग ती शेतातली असो की समुद्रातली. 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्यात बेवारस जहाजसामान सापडणाऱ्याने ते 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याकडे सोपवावे आणि मालकाला हक्क सांगायला एक वर्ष मिळावे अशी तरतूद होती, पण तिच्यामागचा विचार मालमत्तेचा, इतिहासाचा नव्हे. जाळ्यात तोफगोळा आलेल्या माणसाने हे सगळे पाठ करायची गरज नाही. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, फोटो काढावा, वस्तू न घासता समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी आणि बंदर कार्यालयाला किंवा तहसीलदाराला कळवावे. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते.