जोशी (आडनाव)

जोशी हे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, राजस्थान, उत्तराखंड आणि नेपाळ एवढ्या विस्तृत प्रदेशात आढळणारे आडनाव आहे. ‘ज्योतिषी’ या संस्कृत शब्दाचे ते बोलीत झिजलेले रूप. पाटील किंवा कुलकर्णी यांच्याप्रमाणे तेही कुळावरून नव्हे, कामावरून पडले. म्हणून सगळे जोशी एकमेकांचे भाऊबंद असतील ही समजूत चुकीची ठरते. कोकणस्थ, देशस्थ आणि कऱ्हाडे या तिन्ही ब्राह्मण पोटजातींत जोशी आहेत, त्यांची गोत्रे वेगवेगळी आहेत आणि जोश्यांची मुलगी जोश्यांच्याच घरी सून म्हणून गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दारोदार फिरून भविष्य सांगणारे कुडमुडे जोशी हा तर वेगळाच, भटका समाज. त्यांच्या हातातल्या लहानशा वाद्यावरून, कुडमुड्यावरून, हे नाव पडले. आडनावाच्या चर्चेत त्यांना सहसा वगळले जाते, हे योग्य नाही. ज्योतिष सांगणे हाच ज्या शब्दाचा अर्थ, तो त्यांनाही तितकाच लागू पडतो.

जुन्या गावगाड्यात जोशाचे काम ठरलेले असे. पाडव्याला पंचांग वाचून वर्षफल सांगायचे, मूल जन्मले की पत्रिका मांडायची, पेरणीचा दिवस आणि लग्नाचा मुहूर्त काढायचा. पुष्कळ गावांत तोच ग्रामोपाध्यायही असे. या कामाला वतनाचे रूप होते, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क. त्यातून पेच उभा राहिला. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत भटजोशी कसा पैसा काढतो याचे प्रसंगामागून प्रसंग मांडले आहेत. सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात केली तेव्हा जुन्नरजवळच्या ओतूरचे जोशी कोर्टात गेले. लग्न आम्ही लावले नसले तरी दक्षिणेचा हक्क आमचाच, असा त्यांचा दावा होता. हा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ज्यांनी विधी करायला बोलावलेच नाही त्यांच्याकडून दक्षिणा वसूल करण्याचे असले वतनी हक्क पुढे 1926 च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने रद्द ठरले. आज हे आडनाव निव्वळ ओळखीपुरते उरले आहे, त्यामागे हा झगडा आहे.

गेल्या दीड-दोन शतकांतले नामवंत जोशी पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते: आडनावाने नेमून दिलेले काम सोडून, प्रसंगी त्याच्या उलट दिशेने गेलेली माणसेच त्यांत अधिक आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (1901–1994) हे याचे सर्वांत लखलखीत उदाहरण. जन्म धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा, शिक्षण वाईच्या प्राज्ञपाठशाळेत. शास्त्रांचा एवढा अभ्यास असलेला हा पंडित अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे सांगायला गांधीजींच्या बाजूने उभा राहिला. 1933 मध्ये पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. सनातनी मंडळींच्या लेखी हा अधर्मच. पौरोहित्य केले लक्ष्मणशास्त्रींनी. गावचा जोशी ज्या अधिकाराने लग्ने लावी, तोच अधिकार त्यांनी वर्णभेद मोडण्यासाठी वापरला. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार 1955 मध्ये त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला मिळाला आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकपदही त्यांनी सांभाळले.

कोशकार जोशी आणखी एक आहेत, ते गोव्याचे. सत्तरी तालुक्यातील आंबेडे गावचे महादेवशास्त्री जोशी (1906–1992) यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्यांच्या पत्नी सुधाताई यांचे नाव इथे तितक्याच आदराने घ्यायला हवे. गोवा मुक्तीच्या लढ्यात 1955 मध्ये म्हापशाला झालेल्या गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगला.

सार्वजनिक जीवनात गणेश वासुदेव जोशी (1828–1880) यांना तर लोकांनी आडनावाऐवजी ‘सार्वजनिक काका’ हेच नाव दिले. 1870 च्या पुणे सार्वजनिक सभेमागे मुख्य धडपड त्यांची. 1877 च्या दिल्ली दरबाराला ते हातमागाच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले, आणि वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्यही त्यांनीच दाखवले. गिरणगावात ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते ना. म. जोशी (1879–1955) 1920 मध्ये स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी. संयुक्त महाराष्ट्र समितीचे एस. एम. जोशी (1904–1989) जन्माने जुन्नरचे, म्हणजे ओतूरच्या खटल्याच्या मुलखातले. मनोहर जोशी (1937–2024) 1995 मध्ये शिवसेनेचे पहिले मुख्यमंत्री आणि पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले. शरद जोशी (1935–2015) स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. शेतमालाला भाव का मिळत नाही हा प्रश्न त्यांनी शेतीचा हिशेब लिहून सोडवायला घेतला आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. याच नावाचे हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी वेगळे, ते उज्जैनचे.

कर्नाटकातल्या गदगने दोन जोशी दिले. किराणा घराण्याचे पंडित भीमसेन जोशी (1922–2011) गुरूच्या शोधात पोरवयात घरातून पळाले, शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले आणि 2008 मध्ये भारतरत्न ठरले. दुसरे डावखुरे फिरकी गोलंदाज सुनील जोशी: 1999 मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 षटके, 6 निर्धाव, 6 धावा, 5 बळी. गुजरातीचे कवी उमाशंकर जोशी 1967 च्या ज्ञानपीठाचे मानकरी. कम्युनिस्ट नेते पी. सी. जोशी अल्मोड्याचे, आणि नेपाळचे संस्कृतिअभ्यासक सत्यमोहन जोशी (1920–2022) नेवार समाजातले. तिथेही या आडनावाचा संबंध ज्योतिषाशीच आहे.

आनंदीबाई जोशी (1865–1887) माहेरच्याही जोशीच. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून वैद्यकाचा ध्यास घेऊन त्या 1883 मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियातून एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण क्षयाने त्यांना गाठले. पुण्यात प्राण सोडला तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. तिथल्या दगडावर आनंदीबाई जोशी हे नाव रोमन लिपीत कोरलेले आहे, आणि त्यापुढे एम. डी.