‘मर्यादा ओलांडली’ म्हणजे विष नव्हे: तांदळातल्या कीटकनाशकाचा हिशेब

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतोय: तांदळात कीटकनाशक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, म्हणजे रोज पोटात विष जातंय. मग कोणी वाडा कोलम सोडतं, कोणी दुप्पट पैसे मोजून ‘केमिकल-फ्री’ पिशवी आणतं.

इथे दोन मर्यादांची गल्लत होते. अवशेषांची कमाल मर्यादा ही विषारीपणाची रेषा नव्हेच. शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यावर धान्यात किती औषध उरतं, यावरून ती ठरते. ओलांडली तर माल बेकायदा, आणि कारवाई व्हायलाच हवी. तब्येतीचा हिशेब मात्र असा: अवशेष गुणिले रोजचा तांदूळ, भागिले शरीराचं वजन; आणि येणारा आकडा ताडायचा दुसऱ्या मर्यादेशी, म्हणजे रोज चालेल अशा मात्रेशी.

समजा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तांदळात किलोला ०.१ मिलिग्रॅम सापडलं. ६० किलोचा माणूस रोज ३०० ग्रॅम तांदूळ खातो (कोकणातले हसतील, असो). पोटात गेलं ०.०३ मिलिग्रॅम, शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.०००५ मिलिग्रॅम. आयुष्यभर रोज चालेल अशी जागतिक तज्ज्ञांनी ठरवलेली मात्रा किलोमागे ०.०६ मिलिग्रॅम, म्हणजे याच्या १२० पट. तीही प्राण्यांवरच्या चाचण्यांत अपाय न दिसलेल्या मात्रेला साधारण १०० ने भागून काढलेली.

मुलं वजनाच्या मानाने जास्त खातात, त्यांचा हिशेब वेगळा. शिवाय प्रत्येक औषध इतकं सौम्य नसतं. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची परवानगी युरोपीय संघाने २०२० मध्ये काढूनच घेतली.

‘तीनदा धुतला की सगळं जातं’ हेही अर्धंच खरं. वरचं थोडं निघतं, दाण्यात मुरलेलं राहतं. कोंड्यात अवशेष जास्त साठतात, त्यामुळे पॉलिशच्या तांदळात ते हातसडीपेक्षा सहसा कमीच असतात.