सोबतीला कोण आहे?

लग्नसराई आली किंवा गावाकडे कुणाचं दुखलं-खुपलं की पुण्यातल्या घरांमध्ये हल्ली एक विषय हमखास निघतो. दहावी-अकरावीतल्या पोराला एका रात्रीपुरतं घरी एकटं ठेवायचं का? क्लास बुडवायचा नसतो, परीक्षा तोंडावर असते, आणि त्याला स्वतःलाही नातेवाइकांत मिरवायची हौस नसते. आई म्हणते, राहील. बाबा म्हणतात, बघू. आजी फोनवरून एवढंच विचारते, "सोबतीला कोण आहे?"

आजीचा प्रश्न जुना आहे. 'एकटं ठेवायचं का' हा प्रश्न मात्र फार तर दोन पिढ्यांचा. त्याआधी तो पडत नव्हता, कारण पडायला जागाच नव्हती.

पेठांमधल्या वाड्यात रात्री एकटं राहणं शक्यच नसे. चौकाभोवती सात-आठ बिऱ्हाडं, नळ सामाईक, संडास मागच्या अंगाला. रात्री तिकडे जायचं तर हातात कंदील हवा आणि बरोबर भावंड हवं. वाड्याचा मोठा दरवाजा आतून अडसर घालून बंद व्हायचा, आतली दारं नुसती लोटलेली. माडीवर कोण खोकलं हे तळमजल्यावर कळायचं. आई-वडील गावाला गेले तर मुलं समोरच्या काकूंकडे जेवत आणि आपल्या खोलीत येऊन झोपत. याला कुणी 'एकटं राहणं' म्हणत नसे.

उलट बारा-तेरा वर्षांचं पोर हीच दुसऱ्याची सोबत असे. "आमचे हे फिरतीवर गेलेत, बंड्याला झोपायला पाठवा हो," असा निरोप आला की बंडू वळकटी काखेत मारून निघायचा. राखण तो काय करणार? कुंभकर्णासारखा झोपायचा आणि सकाळी चहा-पोळी खाऊन परत यायचा. पण घरात कुणीतरी आहे, एवढं मोजलं जाई. मुलींनाही सोबतीला पाठवत, फक्त कुणाच्या घरी हे आई ठरवायची. हा फरक अजून गेलेला नाही. मुलाच्या बाबतीत 'गॅस बंद करेल ना' अशी काळजी असते. मुलीच्या बाबतीत ती दाराबाहेरच्या जगाची असते आणि परवानगी दोन वर्षं उशिरा मिळते.

आणखी मागे गेलं तर 'किशोरवय' नावाचा मधला जिनाच सापडत नाही. रमाबाई रानडे 1873 साली लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. संमतिवयाची, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधाला संमती देण्याच्या वयाची, मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा 1891 साली झाला. त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं आणि टिळक कसे कायद्याच्या विरोधात उभे होते, हे सर्वश्रुत आहे. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा असावं, असं सांगणारा सारडा कायदा यायला 1929 उजाडलं. चौदाव्या वर्षी जी सासरी चूल सांभाळत होती, तिला रात्रभर घर सांभाळता येईल का, हे कोण विचारणार? एकटं मात्र तिलाही कुणी ठेवत नसे.

मुलगे शिकायला पुण्यात यायचे ते बहुतेक आई-बापांशिवायच. कुणी मधुकरी मागे, कुणी वार लावून जेवे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. 1909 साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थांनी या मुलांना एक छप्पर दिलं. तयारी कशावरून ठरवायची याचा घोळ मात्र तेव्हाही होता. धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल भर पावसात, डोंगरवाटांनी चालत गेले. तिथे त्यांना परत पाठवलं, कारण ते सतरा वर्षांचे दिसत नव्हते. एवढी वाट तुडवलेल्या पोराला चेहऱ्यावरून नापास करणारी ती समिती मला आजच्या बऱ्याच पालकांची पूर्वज वाटते.

मग वाडा गेला. एका दिवसात नाही, पण एक दिवस त्यात मोठा आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतले मातीचे वाडे बसले. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. जे वाडे वाचले ते 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पोखरले. भाडं गोठलेलं, म्हणून मालक डागडुजी करेना, आणि शेवटी बिल्डरची पाटी लागे. सहकारी संस्थांचा कायदा 1960 चा, मालकीच्या फ्लॅटचा 1963 चा. या दोन कायद्यांच्या आधारावर पुणेकर चौकातून उठून जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांमागे गेला. संडास घरात आला, नळ घरात आला, आणि दाराला लॅच लागलं. ओढलं की बंद होणारं दार ही मराठी घरात नवीनच गोष्ट होती. वाड्यातल्या कडी-कोयंड्याला कुणीतरी हाताने बंद करावं लागे.

दार बंद ठेवायला शिकवलं ते मात्र 1976 ने. जोशी-अभ्यंकर खून प्रकरणातल्या टोळीने जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा जणांचे बळी घेतले, त्यातले बहुतेक स्वतःच्या घरात. आरोपी कॉलेजात शिकणारी तरुण पोरं होती. दारात उभी राहिली तर कुणाला संशय येऊ नये अशी. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या काळात जे पुण्यात वाढले त्यांना दिवेलागणीनंतर रिकामे होणारे रस्ते आठवतात. ती मुलं आज आजी-आजोबा आहेत. "बेल वाजली तर आधी कोण ते विचार" हे त्यांचं वाक्य उगाच आलेलं नाही.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे वडिलांची थर्ड शिफ्ट ठाऊक होती, पण आई घरी असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीचं आयटी पार्क आलं, दोघांच्या नोकऱ्या आल्या, कामासाठी परदेशी जाणं, म्हणजे ऑनसाइट आलं, आणि आजी-आजोबा गावी किंवा वेगळ्या फ्लॅटमध्ये राहिले. फोनचंही तसंच. आधी शेजाऱ्यांचा पीपी नंबर, मग कोपऱ्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. पीपी नंबरची एक गंमत होती: मुलाची खुशाली विचारायला फोन केला की ती शेजाऱ्यालाही कळायची.

कायदा या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. 1875 च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय अठरा ठरवलं. मूल सोडून देण्याबद्दलचं कलम बारा वर्षांखालच्या मुलांपुरतं आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत 317 वं, आता भारतीय न्याय संहितेत 93 वं. त्यातही हेतू मुलाला पुरतं टाकून देण्याचा असावा लागतो. लग्नाला गेलेले आई-बाप त्यात बसत नाहीत. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 मध्ये जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, पण रात्री एकटं ठेवण्याचं वय त्यातही नाही. न्यूझीलंडमध्ये चौदाखालच्या मुलाला योग्य देखरेखीची सोय न करता ठेवणं गुन्हा आहे. ब्रिटनच्या कायद्यात आकडा नाही, पण तिथली मुलांसाठी काम करणारी मोठी संस्था सोळाखालच्यांना रात्रभर एकटं ठेवू नका असं सांगते. आपल्याकडे बारा ते अठराच्या मधली सगळी जागा पालकांच्या अंदाजावर सोडलेली आहे.

त्या अंदाजाचा एक विचित्रपणा पुण्यात फार दिसतो. ज्या पोराला घरी एक रात्र ठेवायला जीव धजत नाही, तेच अनंत चतुर्दशीला ढोल-ताशा पथकात लक्ष्मी रोडवर पहाटेपर्यंत असतं. ट्रेकला गेलं की एखाद्या गडावर चाळीस जणांबरोबर सतरंजीवर झोपतं. घरातल्या दोन बेडरूमपेक्षा गड सुरक्षित आहे, असं तर कुणी म्हणणार नाही. रात्रीची भीती आपल्याला कधी नव्हतीच, फक्त बरोबर माणसं हवीत.

वय बाजूला ठेवून घरोघरी प्रत्यक्षात पाहिलं जातं ते असं: रेग्युलेटर बंद करतो का, लाइट गेली तर गडबडत नाही ना, आई-बाबा नाहीत हे मित्रांच्या ग्रुपवर टाकणार नाही ना. फ्रिजवर नंबर लावलेले असतात. 112, अँब्युलन्सचा 108, गॅसगळतीचा 1906, मुलांसाठीचा 1098. त्यांच्या वर, मोठ्या अक्षरात, शेजारच्या काकूंचा.

आमच्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीला मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा असं ठेवलं होतं. आई-वडील मिरजेला. सूचनांचा कागद दोन पानी, तिला सगळा पाठ. रात्री सव्वादहाला आमची बेल वाजली. आधी कोण ते विचारून मी दार उघडलं, तर ती कचऱ्याचा डबा हातात धरून उभी. डबा ठेवायला बाहेर आली आणि मागे लॅच ओढलं गेलं. मोबाइल आत. किल्ली आमच्या खुंटीवर होती.