गव्हाच्या रोपातील नत्राचे शोषण व वाटप

उगवत्या गव्हाला पहिले नत्र दाण्यातूनच मिळते. १२ टक्के प्रथिने असलेल्या ४० मिलिग्रॅमच्या दाण्यात सुमारे ०.८ मिलिग्रॅम नत्र असते (गव्हात ५.७ ग्रॅम प्रथिनांमागे १ ग्रॅम नत्र धरतात). दाण्यात पाणी मुरले की पुष्कातील (दाण्यातील अन्नसाठ्याच्या भागातील) ग्लायडिन व ग्लुटेनिन ही साठ्याची प्रथिने विकरांमुळे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे) तुटतात. त्यातून सुटलेली पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे) व अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) ढालीसारख्या बीजपत्रातून अंकुराला मिळतात. ही शिदोरी पहिली काही पाने येईपर्यंतच पुरते.

मातीतले नत्र मुळांना मुख्यतः नायट्रेट व अमोनियम या रूपांत मिळते. नायट्रेट पाण्याबरोबर मुळांकडे वाहत येते. अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून बसते. नायट्रेट आत घ्यायला ऊर्जा लागते. मुळांच्या पेशी हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात आणि ते परत शिरताना नायट्रेटला सोबत आणतात. मातीतले नायट्रेटचे द्रावण विरळ असेल तेव्हा एनआरटी-२ कुळातील वाहक प्रथिने हे काम करतात. त्यातली बरीचशी नायट्रेटची चाहूल लागल्यावरच तयार होतात, म्हणून नायट्रेट प्रथमच मिळालेल्या मुळांचा शोषणाचा वेग काही तासांनी वाढतो. अमोनियम घेणाऱ्या मुळांभोवतीची माती आम्लधर्मी होते, नायट्रेटने उलट घडते.

पेशीत अमोनियम साठणे घातक असते. त्यामुळे त्याचे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बहुतांशी मुळांतच बनते. नायट्रेटची तशी घाई नसते. त्याचा काही भाग रिक्तिकांत (पेशींतील साठवणीच्या पोकळ्यांत) साठतो, पण बराच भाग प्रकाष्ठातून (पाणी वर नेणाऱ्या नलिकांतून) पानांत चढतो. गव्हात त्याचे क्षपण, म्हणजे अमोनियमपर्यंतचे रूपांतर, मुख्यतः तिथेच होते. नायट्रेट रिडक्टेज हे विकर त्याचे नायट्राइट करते, हरितलवकात (पेशीच्या हिरव्या घटकात) त्याचे अमोनियम होते आणि मग अमिनो आम्ले. या कामाला प्रकाशाची साथ लागते. अंधारात ते मंदावते.

या प्रवासातला सर्वांत लक्षवेधी भाग म्हणजे परतीची वाट. पानांत तयार झालेली अमिनो आम्ले परिकाष्ठातून (पानांतले अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांतून) मुळांकडे उतरतात. मुळे त्यांतली काही वाढीसाठी वापरतात, उरलेली पुन्हा प्रकाष्ठात चढवतात. थोडक्यात, तेच नत्र रोपात फिरत राहते. नत्र-१५ हा स्थिर समस्थानिक (नत्राचाच किंचित जड प्रकार) खूण म्हणून वापरला की हा फेरा उघड दिसतो; निसर्गातल्या नत्रात त्याचे प्रमाण अवघे ०.३७ टक्के असल्याने वाढवून दिलेला अंश ओळखू येतो. खालच्या मुळांना वरची गरज कळते ती बहुधा याच परतीच्या नत्रातून. ते भरपूर आले तर नायट्रेट-वाहकांची निर्मिती घटते, कमी आले तर वाढते. अर्थात पानांतून येणारी साखरही शोषणाला जोर देते, तेव्हा अमिनो आम्ले हाच एकमेव निरोप समजणे चुकीचे ठरेल.

नत्र कमी पडले की वाटपाचा क्रम बदलतो. जुन्या पानांतली प्रथिने मोडून त्यांतले नत्र कोवळ्या पानांना दिले जाते, म्हणून पिवळेपणा आधी खालच्या पानांच्या टोकांवर दिसतो. फुटवे कमी येतात. मुळांच्या वाट्याला मात्र एकूण वाढीतला मोठा हिस्सा जातो आणि जमिनीवरच्या भागाच्या तुलनेत त्यांच्या वजनाचे प्रमाण वाढते.