पदवीला परदेशी जायचं की इथेच? सीमाभागातल्या पीयूसीच्या मुलांसाठी कागदपत्रांचा हिशोब

पीयूसी म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी. तिच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा मार्चच्या सुमाराला, सीईटी एप्रिलमध्ये. निकाल लागला की घरात विषय निघतो, "बाहेर पाठवायचं का पोराला?" तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते, ब्रिटनच्या यूकॅस या सामायिक प्रवेश अर्जाची मुख्य मुदत जानेवारीत आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा मेडिसिनसाठी त्याआधीच्या 15 ऑक्टोबरला. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी 15 जुलैपर्यंत वेळ असतो, पण तिथे अडचण वेगळी आहे, ती पुढे येईल.

म्हणून जायचं की राहायचं हे पहिल्या पीयूसीला ठरलं नाही तरी चालेल. कागद मात्र तेव्हाच काढायला घ्या. यातले बरेच कागद दोन्ही वाटांना लागतात.

आधी नाव जुळवा

आपल्याकडे सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावापायी. घरी नाव लिहायची पद्धत मराठी: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, कार्डावर मात्र मारुती नावाचा बाप नुसता 'एम' होऊन बसतो, कधी आडनाव पुढे येतं, कधी कन्नडवरून इंग्रजी करताना स्पेलिंग बदलतं. पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षर चालत नाही, पूर्ण नाव द्यावं लागतं. झालं, एका मुलाची तीन नावं. किरकोळ फरकाला दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. स्पेलिंगच चुकलं असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्या. आधी एसएसएलसी, मग आधार, शेवटी पासपोर्ट, हाच क्रम ठेवा. उलटं केलं की पासपोर्टसाठी पुन्हा पैसे आणि पुन्हा रांग.

जन्मदाखल्याची आणखी एक गंमत. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला. मग मूल वाढलं खानापुरात, पण जन्माची नोंद महाराष्ट्रात. दाखला तिथूनच काढावा लागतो. बेळगावच्या कचेरीत हेलपाटे घालून उपयोग नाही. जुन्या नोंदीत मुलाच्या नावाचा रकाना रिकामा असतो, तो भरून घ्या.

मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. पुढे ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, लागलं तर लॅमिनेट केलेला कागद परत येतो. ॲपोस्टिलच्या आधी शैक्षणिक कागदावर राज्य सरकारचं साक्षांकन लागतं, त्याला वेळ धरा.

पासपोर्ट

बेळगावात पोस्ट ऑफिसमधलं पासपोर्ट केंद्र आहे, हुबळीत पासपोर्ट सेवा केंद्र. 36 पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टला 1,500 रुपये. मुलगा 15 ते 18 च्या दरम्यान असेल तर दहा वर्षांचा पर्याय निवडता येतो. तो न निवडता कमी पैशांचा घेतला तर अठरा पूर्ण होताच संपतो, ऐन व्हिसाच्या वेळी. अठराच्या आतल्याला आईवडिलांच्या सहीचं 'ॲनेक्शर डी' जोडा. पोलीस चौकशी सध्याच्या पत्त्यावर होते. मुलगा धारवाडच्या हॉस्टेलवर आणि अर्जात पत्ता निपाणीचा, अशा वेळी हवालदार येऊन परत जातो आणि शेरा प्रतिकूल पडतो.

इथे राहायचं तर

इंजिनिअरिंग आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागा केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, भरते. तिथलं मुख्य कलम सात वर्षांचं: पहिली ते बारावीपैकी किमान सात पूर्ण वर्षं कर्नाटकात शिकलेली हवीत आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून पास हवी. सीमेवर इथेच घोळ होतो. समजा, पहिली ते सातवी आजोळी चंदगड तालुक्यात झाली आणि आठवीपासून बेळगावात: वर्षं भरतात पाच. मग दुसऱ्या एखाद्या कलमात बसतं का ते केईएच्या माहितीपुस्तिकेत शोधावं लागतं. शाळा बदलल्या असतील तर प्रत्येक शाळेचा अभ्यास दाखला घ्या आणि त्यावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, प्रतिस्वाक्षरी घ्या. मे महिन्यात मुख्याध्यापक सुट्टीवर असतात, तेव्हा हे काम मार्चआधी उरका. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कचेरीतून. त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, अर्जात अचूक टाका. ग्रामीण कोट्याला पहिली ते दहावी ही दहाही वर्षं खेड्यातली लागतात. कन्नड माध्यमाचा कोटा मराठी शाळेच्या मुलाला मिळत नाही, त्यामुळे तो रकाना चुकूनही भरू नका.

जागा मिळाल्यावर चार पर्याय येतात, त्यांतले पहिले दोन कामाचे. पहिला म्हणजे जागा घेतली, विषय संपला. दुसरा म्हणजे ही हातात ठेवून पुढच्या फेरीत वरची पाहायची. परदेशाचं उत्तर यायचं असेल तर बहुतेकांना हाच सोयीचा.

कर्नाटक आणि परदेश यांशिवाय कोल्हापूर-पुण्याचं तिसरं दारही उघडं ठेवा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागासाठी 'टाइप ई' आहे. दहावी किंवा बारावी या भागातल्या शाळा-कॉलेजातून, रहिवास इथला आणि मातृभाषा मराठी, अशा अटी. गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांपैकी असावं लागतं. गाव या भागातलं असल्याचा आणि मातृभाषेचा, असे दोन वेगळे दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. शाळेच्या नोंदीत मातृभाषा काय लिहिली आहे ते आजच बघा. आणि एमएचटी-सीईटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कर्नाटकच्या सीईटीचे गुण तिथे चालत नाहीत.

जायचं तर

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण जवळपास फुकट, हे खरं. पण आपली बारावी त्यांना थेट प्रवेशाला पुरत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास, किंवा भारतात पदवीचं एक वर्ष यशस्वी, किंवा तिथला 'श्टुडिएनकोलेग' हा पायाभरणीचा अभ्यासक्रम, यांपैकी काहीतरी लागतं. म्हणजे जर्मनीला जायचं असलं तरी एक वर्ष इथे शिकणं हा वाया जाणारा मार्ग नाही, कित्येकांसाठी तोच सरळ मार्ग. त्याशिवाय आपले शैक्षणिक कागद जर्मनीच्या बाजूने तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र आणि राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे 11,904 युरो अडकवलेलं खातं. पत्ता कर्नाटकातला म्हणून व्हिसा बंगळूरच्या वकिलातीच्या अखत्यारीत. पुणं जवळ पडतं, पण उपयोग नाही.

एमबीबीएसला बाहेर जायचं असेल तरी नीट पात्र होणं सक्तीचं. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, त्याच संस्थेत वेगळी 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीची पात्रता. एजंटाच्या पत्रकावर या चारांपैकी एक जरी गोष्ट धूसर असली तर अर्ज भरू नका. परत आल्यावर इथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेलाच बसता आलं नाही तर सहा वर्षं आणि शेत दोन्ही गेलं.

पैसा दाखवायचा कसा

ब्रिटनच्या व्हिसाला ठरलेली रक्कम खात्यात सलग 28 दिवस लागते. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा एकपासून. कारखान्याचं ऊसबिल एकदम जमा झालं असेल तर बिलाची पावती जपून ठेवा, पैसा आला कुठून हे विचारतात. सोसायटीतल्या ठेवीच्या पावतीवर भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणातल्या बँकेत पैसे आधीच वळवा.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमीन बहुधा नाकारतात, कारण बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ती जप्त करता येत नाही. गावठाणातलं घर असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म 9 आणि 11ए काढा. 11बी असेल तर बँक मॅनेजर नकाराची मान हलवतो. सोबत ईसी, म्हणजे मालमत्तेवर बोजा आहे का याचा दाखला, लागते, ती किती वर्षांची हे बँकेला आधी विचारा.

मूळ कागदांचं एक. इथल्या कॉलेजात प्रवेश घेतला की कारकून एसएसएलसी-पीयूसीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला बघतो. पडताळून मूळ प्रती परत द्याव्यात असा यूजीसीचा 2018 चा आदेश आहे. त्याची प्रत सोबत न्या, कारण व्हिसाच्या खिडकीवर मूळच मागतात.