जंगलाचे तुकडे होतात तेव्हा

जंगल राखायला हवं, हा विचार जुना आहे; पण पूर्वी त्यामागे काळजी असायची ती पावसाची, मातीची आणि इमारती लाकडाची. मॉरिशसमध्ये फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र यांनी १७६९ मध्ये जंगलरक्षणाचे नियम केले, तेही मुख्यतः याच काळजीपोटी. जंगलातल्या जिवांचा हिशोब कुणी मांडत नव्हतं.

तो मांडायची वाट दाखवली बेटांनी. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून दूर, तितक्या तिथे प्रजाती कमी, असा सिद्धांत जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडला. मग चहूबाजूंनी झाडं तुटलेला जंगलाचा तुकडा हेही बेटच की! यावर कागदोपत्री वाद भरपूर झाले. प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली १९७९ मध्ये, ब्राझीलमधल्या मनाउसजवळ. तिथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तुटणारच होतं. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी त्यातच १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखून घेतले.

लहान तुकड्यांतून आधी गेले ते लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणारे पक्षी. या मुंग्यांची फौज पालापाचोळ्यातून निघाली की किडे जीव घेऊन पळतात आणि पक्षी ते टिपतात. पण प्रत्येक फौज मधले काही आठवडे मुक्काम ठोकून असते, तेव्हा शिकार थंडावते. म्हणजे पक्ष्यांना एक नव्हे, अनेक फौजा हव्यात, आणि तेवढं रान छोट्या तुकड्यात मिळत नाही. पक्ष्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तो गेला. दुसरीकडे, कडेने आत शिरणाऱ्या कोरड्या वाऱ्याने मोठमोठी झाडं उन्मळू लागली. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटर. त्यात कडेशिवाय उरतं काय?

हे नुकसान लगेच दिसत नाही, हाच खरा घोळ. तोडीनंतर प्रजाती कित्येक दशकं तग धरून मग नामशेष होतात. १९९४ मध्ये जीवशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी याला कर्जाची उपमा दिली: तोड आज, फेड नंतर. एरवी आपण मोजतो ते तुटलेले हेक्टर. २०१५ च्या एका अभ्यासानुसार मात्र जगातल्या उरलेल्या जंगलापैकी सुमारे ७० टक्के जंगल कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे.

मनाउसची काही कुरणं पुढे ओस पडली. तिथे पुन्हा झाडोरा माजला, तसे मुंग्यांमागचे काही पक्षी तुकड्यांत परतलेले आढळले.